धाकटा नावेत चढला की उतरला

रत्नाकर बेहेऱ्यांनी घरातली फोडणी बंद केली तो दिवस बुधवार होता. मोहरी तडतडली की विचार तुटतो, असं त्यांचं म्हणणं पडलं. सोमवारी कॉफी गेली होती, मंगळवारी गादी. गादी गुंडाळून माळ्यावर टाकली आणि ते सतरंजीवर झोपले. सकाळी त्यांना उठवून बसवायला विद्युलताबाईंना दोन्ही हात लावावे लागले.

"अहो, फोडणी नसेल तर त्याला आमटी म्हणत नाहीत, डाळीचं पाणी म्हणतात," विद्युलताबाई म्हणाल्या.

"तेच हवंय. थोरला चाळीस वर्षं डाळीच्या पाण्यावर राहिला."

"कोण थोरला?"

"कादंबरीतला."

ती कादंबरी म्हणजे अशी एक जाडजूड, जुनी, गाजलेली कादंबरी, की जी कुणी वाचलेली असो वा नसो, वाचलेली नाही असं चारचौघांत सांगायची कुणाची छाती होत नाही. नदीकाठच्या गावातले दोन भाऊ. थोरला भाषेतल्या एकूण एक शब्दांचा कोश करायला बसतो आणि बसूनच राहतो. धाकटा अत्तरं विकत गावोगाव हिंडतो, खातो, पितो, गातो, प्रेमात पडतो. बुद्धीचं जगणं खरं की इंद्रियांचं, हा प्रश्न त्या कादंबरीने साठ वर्षांपूर्वी मराठी माणसापुढे टाकला आणि मराठी माणसाने तो आदराने कपाटात ठेवून दिला.

चेन्नईत मैलापूरच्या मराठी मंडळाच्या कपाटातही ती होती. पण तिथे वाळवी शिरली. मंडळाच्या आधीच्या चिटणिसांनी उरलंसुरलं पुस्तक देवळामागच्या शेषाद्री बाइंडरकडे नेऊन टाकलं आणि ते मुलीकडे सिंगापूरला गेले. शेषाद्रीचा हात मोठा नामी. पण त्याला देवनागरी अक्षर म्हणजे दारापुढचा कोलम, नुसती रांगोळी. आठशे पानांना एक शिवण पुरणार नाही म्हणून त्याने पुस्तकाचे मधोमध दोन भाग केले, दोन्हींना लाल रेक्झिन चढवलं आणि जुन्या मुखपृष्ठावरची अक्षरं चित्रासारखी बघून बघून दोन्ही पाठींवर तंतोतंत सारखी सोनेरी उमटवली. कडा सारख्या करताना यंत्राने पानांचे आकडेही कापून नेले. नवे चिटणीस गिरीधरराव यांनी कपाट उघडलं तर आत एकाच नावाची दोन लाल पुस्तकं. मंडळाकडे दोन प्रती आहेत याचा त्यांना अभिमानच वाटला.

त्यांनी वाचनकट्ट्यावर या कादंबरीचा परिसंवाद ठरवला. एक वक्ता महाराष्ट्रातून आलेल्यांपैकी, एक तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यांपैकी. पहिला मान बेहेऱ्यांना मिळाला, दुसरा त्यांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या वेंकोबारावांना. पहिली लाल प्रत बेहेऱ्यांनी नेली, दुसरी वेंकोबारावांनी. दोघांनाही आपल्या हातात अख्खी कादंबरी आहे याबद्दल तिळमात्र शंका नव्हती.

इथे बेहेऱ्यांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर वाचक त्यांना उगाच हसतील. रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात नोकरीला लागून ते चेन्नईत आले त्याला एकतीस वर्षं झाली. या एकतीस वर्षांत मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाच्या खुर्च्या त्यांनी मांडल्या होत्या. गणपतीत मांडल्या, दिवाळी पहाटेला मांडल्या, कुणाच्या कुणाच्या सत्काराला मांडल्या. समोर व्यासपीठावर एक खुर्ची आपलीही असावी असं त्यांना फार वाटे, पण ते त्यांनी विद्युलताबाईंखेरीज कुणालाही कधी बोलून दाखवलं नव्हतं. गिरीधररावांचा फोन आला तेव्हा ते देवापुढे साखर ठेवून आले होते.

तेव्हा भाषण नुसतं द्यायचं नव्हतं, गाजवायचं होतं. बेहेऱ्यांनी आपली प्रत दोनदा वाचली. तिच्यात थोरलाच थोरला होता. धाकटा मधूनमधून येई, अत्तराचा फाया देई आणि भावाला "बाहेर ये" म्हणे. शेवटी तो रागावून नावेत चढतो, नाव अंधारात दिसेनाशी होते, थोरला खोलीचं दार लावून घेतो. तिथे प्रत संपत होती. असा शेवट वाचून बेहेऱ्यांच्या अंगावर काटा आला. त्यांनी ठरवलं, ज्याच्यावर बोलायचं ते आधी जगायचं. त्यात कॉफी, गादी आणि फोडणी गेली.

वेंकोबारावांनीही तेच ठरवलं होतं. फक्त त्यांच्या प्रतीत पहिल्याच ओळीत नाव किनाऱ्याला लागत होती आणि धाकटा तिच्यातून उतरत होता.

वेंकोबाराव बँकेतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती. हिंदीच्या परीक्षा दिलेल्या असल्याने देवनागरी त्यांना बोट ठेवून वाचता येई. त्यांची मराठी ऐकली की बेहेऱ्यांना आपण बखर ऐकतोय असं वाटे, आणि मध्येच बखरीला तमिळ फुटे. हा माणूस इतकी वर्षं पांढरा सदरा, पांढरी वेष्टी आणि कपाळाला गंध एवढ्यावर जगलेला. तो एका संध्याकाळी जिन्यात भेटला तर अंगाला केवड्याचा वास.

"वाचन कुठवर आलं?" बेहेऱ्यांनी श्वास रोखून विचारलं.

"दोनदां झालें, सार. काय पुस्तक तें. मज तर इतकीं वर्षें उगाच गेलीं असें वाटूं लागलें."

"मलाही तसंच झालं," बेहेरे गंभीरपणे म्हणाले. "पण सभेआधी आपण चर्चा करायला नको. वक्त्यांनी आपापली शिदोरी झाकून ठेवावी."

"सरी, सार," वेंकोबाराव म्हणाले आणि खिशातला मोगऱ्याचा गजरा चुरगळू नये म्हणून हाताने सांभाळत खाली गेले. याने एवढा थोर ग्रंथ वाचला आणि पालथ्या घड्यावर पाणी पडलं, असं बेहेऱ्यांना वाटलं. बेहेऱ्यांची बसलेली गालफडं बघून वेंकोबारावांनाही नेमकं तेच वाटलं होतं.

दुपारी वेंकोबारावांच्या पत्नी विशालाक्षीमामी वर येत. एका हातात झाकलेली वाटी, दुसऱ्या काखेत वेंकोबारावांची लाल प्रत. पुस्तक भाजीच्या पिशवीसारखं काखेत मारलेलं बघून बेहेऱ्यांना वाईट वाटे. पण ते तेव्हा डोळे मिटून चिंतनात असत, आणि डोळे मिटलेल्याला बायकांचं बोलणं जास्तच स्पष्ट ऐकू येतं.

"काय सांगूं विद्युलता," मामी म्हणायच्या, "टी. नगरांत नेऊन पोपटी रेशमी पट्टूसाडी घेतली. ह्या वयांत पोपटी. काल कोवलमच्या समुद्रावर नेलें बसमधून. आम्ही अंडें देखील शिवत नाहीं, आणि हे मासळीच्या ढिगापुढें उभें करून म्हणतात, विशालाक्षी, श्वास घे, हेंच जीवन. ह्या पुस्तकांत काय आहे तें मज वाचून सांग. मज ही अक्षरें येत नाहींत."

"सांगते, मामी. बसा. आणि वाटीत काय आहे?"

"वत्तकुळंबु. चिंच आणि फोडणी मोप घातली आहे. तूं खा, त्यांस कळूं देऊं नको."

मग आतल्या खोलीत विद्युलताबाईंचा वाचण्याचा संथ आवाज येई. केंद्रीय विद्यालयात तीस वर्षं शिकवल्याने त्या वाचत छान. बेहेऱ्यांना त्याच्या गुंगीत झोप लागे, आणि जाग आल्यावर ते चिंतन फार खोल लागलं असं समजत.

एकदा विद्युलताबाई म्हणाल्या, "अहो, त्या पुस्तकाबद्दल एक सांगायचं होतं."

"विद्यू, ते तुला झेपायचं नाही," बेहेरे मायेने म्हणाले. "फार वैचारिक आहे."

"बरं," त्या म्हणाल्या.

दोन दिवसांनी त्यांनी पुन्हा विषय काढला. बेहेऱ्यांनी हात वर करून थांबवलं. सभेच्या दिवशी सकाळी त्यांनी मुद्दाम कढी केली आणि ताटापुढे बसून तिसऱ्यांदा म्हणाल्या, "आता तरी ऐकता का?" बेहेरे म्हणाले, "आज नको. आणि कढी नको, तिला फोडणीचा वास येतोय." विद्युलताबाईंनी पातेलं उचललं आणि त्यानंतर ताकास तूर लागू दिली नाही.

सभा रविवारी साडेचारला होती. बेहेरे सवयीने तासभर आधी पोचले आणि त्यांनी खुर्च्या मांडल्या. शेवटची खुर्ची मांडून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आज आपण तिकडे बसायचंय. त्यांनी सदरा झटकून सरळ केला. चाळीसेक माणसं जमली. कोपऱ्यात हरभऱ्याच्या सुंडलचं मोठं पातेलं झाकून ठेवलेलं होतं आणि बऱ्याच जणांचं लक्ष तिकडे होतं. पुस्तक दोघाही वक्त्यांनी बरोबर आणलं नव्हतं. बेहेऱ्यांना ते मुखोद्गत होतं आणि वेंकोबारावांची प्रत त्यांना सकाळपासून सापडत नव्हती.

बेहेरे पंचवीस मिनिटं बोलले. सुंदर बोलले. थोरल्याची खोली, त्याचा दिवा, त्याची डाळ, सगळं त्यांनी डोळ्यांसमोर उभं केलं. शेवटी ते म्हणाले, "आणि इंद्रियांचं जगणं? लेखक त्याला एका नावेत बसवतो आणि अंधारात सोडून देतो. धाकटा नावेत चढतो आणि कादंबरी संपते. त्याच्याबद्दल पुढे एक अक्षर लिहावं असं लेखकाला वाटत नाही."

टाळ्या झाल्या. वेंकोबाराव उठले. त्यांचा चेहरा एखाद्या सभ्य माणसाला खोटी नोट सापडावी तसा झाला होता.

"क्षमा करा, सार," ते म्हणाले. "धाकटा चढत नाहीं. उतरतो."

"चढतो," बेहेरे बसल्या जागेवरून म्हणाले.

"उतरतो, सार. पहिल्याच पानावर. पाय वाळूंत रुततात आणि वाळू ऊन असते. तिथून चारशें पानें तोच आहे. त्याचीं गाणीं, त्याचें जेवण, ती कोळीण. थोरला कुठें आहे? धाकट्यास कधीं मधीं भावाची आठवण येते, इतकेंच."

"कोळीण? कोणती कोळीण?"

"पुस्तक पुरतें वाचलांत काय, सार?"

हा प्रश्न वेंकोबारावांनी अत्यंत नम्रपणे विचारला आणि तो वर्मी लागला. बेहेऱ्यांचे कान तापले. "दोनदा वाचलंय," ते म्हणाले. "आपणच दुसरं कुठलं तरी वाचलंय."

आता खरी गंमत अशी, की सभेतल्या कुणीही एका शब्दाने सांगितलं असतं तरी वाद मिटला असता. पण त्यासाठी कुणीतरी कादंबरी वाचलेली असायला हवी होती. निवृत्त मुख्याध्यापिका रंजनीबाई लगेच उठल्या. "उतरतो. अर्थात उतरतो. मी कॉलेजात असताना वाचलीय. कोळणीचं वर्णन तर विसरणं शक्य नाही." मागून कुणीतरी म्हणालं की कोळीण नंतरच्या आवृत्तीत घातली, मूळ आवृत्तीत चढतोच. पाच मिनिटांत सभेचे दोन तट पडले, चढणाऱ्यांचा आणि उतरणाऱ्यांचा. अध्यक्षस्थानावरून गिरीधररावांनी समेट केला, "माझ्या आठवणीप्रमाणे तो चढतोही आणि उतरतोही. ते प्रतीक आहे." त्याने कुणाचंच समाधान झालं नाही.

"वाद कशाला?" रंजनीबाई म्हणाल्या. "बेहेऱ्यांचं घर दहा मिनिटांवर आहे. पुस्तक आणा. शेवटचं पान काढा. कोण खोटं बोलतंय ते आत्ता कळेल."

बेहेऱ्यांना पुस्तकाची खात्री होती, तरी ते जागेवरून हलले नाहीत. कारण समोर उभे वेंकोबाराव. त्या माणसाने आयुष्यात बसचं तिकीटही कधी चुकवलं नव्हतं. तो खोटं बोलणं शक्य नाही हे बेहेऱ्यांना ठाऊक होतं. मग खोटं कोण? एकतीस वर्षांनी मिळालेली खुर्ची त्यांना खालून पोळायला लागली.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून विद्युलताबाई उठल्या. त्या शांतपणे व्यासपीठाशी आल्या आणि खांद्यावरची कापडी पिशवी त्यांनी बेहेऱ्यांपुढे टेबलावर ठेवली, तिचं तोंड फक्त बेहेऱ्यांकडे करून. आत दोन लाल पाठी शेजारी शेजारी होत्या. दोन्हींवर एकच सोनेरी नाव होतं, आणि दोन्ही मिळून त्यांची जाडी अगदी साठ वर्षांपूर्वीच्या अख्ख्या कादंबरीएवढी दिसत होती.

बेहेरे अभियांत्रिकी खात्यातले. दोन तुकडे समोर ठेवले की जोड कुठे बसतो हे त्यांना सांगावं लागत नसे. एकाचा शेवट नाव, दुसऱ्याची सुरुवात नाव. आपण महिनाभर अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालो होतो हे त्यांना कळलं, आणि पाठोपाठ आठवलं, 'ते तुला झेपायचं नाही.' तीनदा ती सांगायला आली होती. तिने आता नुसती पिशवी उलटी केली असती तरी भर सभेत दोघा वक्त्यांची फजिती झाली असती.

"सांगू ना?" विद्युलताबाईंनी हळूच विचारलं.

बेहेऱ्यांनी मान खाली घातली. "सांग," ते म्हणाले.

विद्युलताबाई सभेकडे वळल्या. "पुस्तक आणायला नको," त्या म्हणाल्या. "दोघांचंही खरं आहे. कादंबरीच्या मध्यावर धाकटा नावेत चढतो आणि पुढच्या पानावर उतरतो. पूर्वार्ध थोरल्याचा, उत्तरार्ध धाकट्याचा. यांनी आणि वेंकोबारावांनी एकेक अर्धा वाटून घेतला आणि आपापल्या भावाची बाजू अशी घेतली, की दुसरा अर्धा जणू नाहीच. भाऊ तसेच तर भांडतात. पण वाद फार रंगला, म्हणून मला उठावं लागलं."

वेंकोबारावांनी तोंड उघडलं. पहिल्या रांगेतून विशालाक्षीमामींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी ते मिटलं.

"दोघेही एका माणसाला विसरले," विद्युलताबाई पुढे म्हणाल्या. "वहिनीला. पूर्वार्धात ती थोरल्याचं ताट झाकून ठेवते. उत्तरार्धात धाकटा देशोदेशीचं खातो आणि आठवण काढतो तिच्या कढीची. कोश तिच्या जेवणावर झाला आणि भटकंती तिच्या आठवणीवर. शेवटी धाकटा म्हातारा होऊन घरी येतो. दोघे भाऊ उंबऱ्यावर उभे राहतात, आधी बोलायचं कुणी म्हणून कुणीच बोलत नाही. इतक्यात आतून कढीला फोडणी बसते. तो वास येतो आणि थोरला कोशाचा शेवटचा शब्द अर्धा टाकून आत जातो, त्याच्या मागून धाकटा. वहिनी एवढंच म्हणते, 'पाय धुतलेत का?' तिथे कादंबरी संपते."

रंजनीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "तंतोतंत," त्या म्हणाल्या. "हा शेवट वाचून मी कॉलेजात रात्रभर रडले होते." गिरीधररावांनी सांगितलं की कढीचा प्रसंग त्यांना शाळेत धडा म्हणून होता. मग ज्या टाळ्या पडल्या त्या सुंडलच्या पातेल्याचं झाकण निघेपर्यंत थांबल्या नाहीत. दोन वक्त्यांनी मुद्दाम उभा केलेला असा लुटुपुटीचा वाद मंडळाच्या इतिहासात प्रथमच झाला, असं गिरीधरराव म्हणाले, आणि दोघांनाही शाल आणि नारळ दिला. पुढच्या महिन्याच्या वक्त्या म्हणून त्यांनी तिथल्या तिथे विद्युलताबाईंचं नाव जाहीर करून टाकलं.

घरी येताना बेहेरे नारळ सांभाळत चालले होते. देवळाच्या तळ्याच्या कोपऱ्यावर थांबून ते म्हणाले, "पिशवी उलटी का नाही केलीस?"

"एकतीस वर्षं खुर्च्या मांडल्यात तुम्ही," विद्युलताबाई म्हणाल्या. "मी मोजल्यात."

बेहेऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते शालीला पुसलं, शाल त्यासाठी फार बरी पडते.

वेंकोबारावांनी पूर्वार्ध नेला आणि बेहेऱ्यांनी उत्तरार्ध हातात घेतला. सोमवारी गादी माळ्यावरून खाली आली, मंगळवारी सकाळी कॉफी परतली. वेंकोबारावांचा केवडा ओसरला. मामींनी गजरा मात्र चालू ठेवायला सांगितला आणि पोपटी साडी शेजारणींना दाखवून आल्या. बुधवारी दुपारी बेहेरे शेवटच्या पानावर पोचले. धाकटा घरी आला होता. वाक्य असं होतं: 'दोघे भाऊ उंबऱ्यावर उभे राहिले. कुणीच बोलेना. इतक्यात आतून'

पुढे लाल रेक्झिनचा पुठ्ठा होता. शिवणीपाशी वाळवीने कुरतडलेल्या पानांच्या बारीक कडा राहिल्या होत्या. शेषाद्रीने त्या नीट कातरून सारख्या केल्या होत्या, म्हणून वेंकोबारावांना कादंबरी मुद्दामच अशी अर्ध्यात संपवलीय असं वाटलं होतं.

बेहेरे पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात गेले. "विद्यू, इतक्यात आतून काय?"

"ते कुणास ठाऊक," विद्युलताबाई डाळ घोटता घोटता म्हणाल्या. "मामी आणि मी दोन दिवस डोकं खाजवलं."

"मग तो शेवट? ती फोडणी? ती कढी?"

"कढी खरी होती. रविवारी सकाळी केली होती. तुम्ही खाल्ली नाहीत."

"आणि रंजनीबाई कॉलेजात रात्रभर रडल्या, ते?"

"रडल्या असतील बापड्या. तुम्हीच म्हणालात, पुस्तक वैचारिक आहे, मला झेपायचं नाही. म्हणून मी आपला सोपा शेवट केला."

बेहेऱ्यांनी पुस्तक फडताळावर ठेवलं, मोहरीचा डबा काढला आणि तो तिच्या हाताशी सरकवला.

"विचार तुटेल," विद्युलताबाई म्हणाल्या.

"तुटू दे," बेहेरे म्हणाले आणि पाय धुवायला गेले.